धुतलेले पाय

माझ्या आईचे पाय परदेशात एका प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर लावलेले आहेत. लोकांच्या आयांचे फोटो लागतात, माझ्या आईचे नुसते पाय लागले. घोट्याच्या वर काही नाही. चिखलाने माखलेले दोन पाय, खाली पितळी परात, आणि पायांवर एका गोऱ्या माणसाचे हात. चित्राखाली इंग्रजीत मजकूर आहे. या बाईने जन्मात कधी चप्पल घातली नाही आणि तिच्या पायांना आजवर कुणी मायेने हात लावला नाही, असा त्याचा अर्थ.

दोन्ही गोष्टी धादांत खोट्या. आई चपलेच्या बाबतीत महाचिकित्सक. निपाणीच्या बाजारात एक ठरलेलं दुकान, तिथे तासभर बसून, कातडं वाकवून बघून, दुकानदाराशी वाद घालून घेणार. आणि मायेने हात लावायचं म्हणाल, तर माझे वडील होते तोवर रोज संध्याकाळी कोमट तेलाने तिचे पाय चोळून देत होते. शाळेतल्या मुलांचं दुपारचं जेवण, आमच्याकडे त्याला सगळेच कानडी पद्धतीने बिसी ऊट म्हणतात, ते आई रांधायची. दिवसभर चुलीपुढे उभं राहून पाय सुजायचे. शेजारपाजारचे हसायचे, वडील चोळत राहायचे. हे त्या भिंतीवर कुठे लिहिलेलं नाही.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत. ख्रिस्ती घरं मोजकीच. एक लहानसं चर्च आहे, जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. चपला दारात काढायच्या, आत सतरंजीवर बसायचं, पेटी-तबल्यावर गीतं म्हणायची. मी लग्न होऊन हिंडलग्याला आले, बेळगावात नोकरी करते, पण रविवारची उपासना गावाकडचीच. त्यासाठी मी सकाळची एसटी पकडते आणि सासूबाईंची बोलणी खाते.

आमच्या देवळाकडे परदेशी पाहुण्यांचा जथा येतो. पावसाळ्यात येतात, कारण तेव्हा त्यांच्याकडे सुट्ट्या असतात. बेळगावच्या सांबऱ्याला विमानातून उतरतात, टेम्पो ट्रॅव्हलरने गावात येतात, आठवडाभर सेवा करतात आणि जातात. त्यांची सगळी व्यवस्था बघणारा माणूस आमच्याच भागातला. त्याला सगळे ब्रदर म्हणतात, मीही म्हणते, पण दात-ओठ खाऊन.

खोटं कशाला बोलू, एका वर्षी त्यांच्यात दातांची डॉक्टरीण होती. तिने शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून अख्ख्या गावाच्या दाढा काढल्या, त्यात लिंगायत होते, जैन होते, मुसलमान होते. माझ्या मामाची दाढ काढली तेव्हा तो महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपला. तेवढं पुण्य त्यांच्या पदरात घालायला माझी हरकत नाही. बाकी वेळ ते मुलांबरोबर फुटबॉल खेळतात, भिंती रंगवतात आणि पाय धुतात.

पाय धुणं हा त्यांचा शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून यांनी आमचे धुवायचे. पहिल्यांदा हे जाहीर झालं तेव्हा आमच्या बायका हादरल्या. वयाने मोठा, परका पुरुष गुडघ्यांवर बसून आपल्या पायांना हात लावणार! भगिनी मंडळात दोन दिवस तेवढीच चर्चा. नाही म्हणावं तर पाहुण्यांचा अपमान, हो म्हणावं तर आपली लाज. शेवटी बायकांनी त्यांच्या परीने तोड काढली. ज्यांची नावं ठरली त्या सगळ्या जणी सकाळी घरी वजरीने टाचा घासून, साबणाने पाय धुऊन, खोबरेल लावून आल्या. पाहुण्याच्या हाताला आपली घाण लागू नये, एवढाच विचार. आईने तर आदल्या दिवशी नखं कापून घेतली. मी तिला म्हटलं, "आई, अगं ते धुणारच आहेत की." ती म्हणाली, "म्हणून काय घाण पाय पुढं करायचं व्हय गं? रीत हाय का काय?"

तर त्या ओळीने खुर्च्यांवर बसल्या. कॅमेरावाला पोरगा परातीकडे वाकला, पाय बघितले, आणि त्याचं तोंड पडलं. तो ब्रदरच्या कानाशी काहीतरी बोलला. ब्रदर आईपाशी आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, एक काम करता काय? मागल्या शेतात एक चक्कर मारून या की. अनवाणी. फोटोला बरं पडतंय."

मी त्या वेळी मागच्या बाजूला टॉवेलांचा गठ्ठा घेऊन उभी होते. मला ऐकू आलं नाही, फक्त आई उठून बाहेर जाताना दिसली. मला वाटलं, लाजून चालली. थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा तिच्या पायांना घोट्यापर्यंत काळी माती होती. देवळात चिखलाचे पाय घेऊन यायची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. सतरंजीवर पावलं उमटली, तशी ती अंग चोरून, टाचांवर चालायला लागली. पाहुण्यांच्या पुढाऱ्याने, उंच, पिकल्या केसांच्या, जाड चष्म्याच्या माणसाने, डोळ्यांत पाणी आणून तिचे पाय धुतले. फोटो निघाले. आईने मान वर केली नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. कसं, तर मंडळातल्या एका बाईच्या मोबाइलवर ते चित्र आलं आणि तिने कौतुकाने आईला दाखवलं. आई तेव्हा ज्वारी निवडत होती. मी शेजारीच होते. डाव्या पायाची करंगळी मी लगेच ओळखली. शाळेतलं आमटीचं पातेलं पडून ती कायमची वाकडी झाली आहे. आईने खालचा मजकूर मला वाचायला लावला. मी वाचून अर्थ सांगितला. तिने सूप खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "चप्पल व्हती की माझी. दारात काढून ठेवल्ती."

मग शेतातल्या चकरेची हकीकत तिने सांगितली, आणि पुन्हा निवडायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी आई देवळात आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. पुढच्या रविवारीही गुडघेच. वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा जिने उपासना चुकवली नव्हती, ती बाई घरात बसली. बाजाराला जायची, शाळेत रांधायला जायची, तेव्हा गुडघे बरे असायचे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, दोनदा घरी येऊन गेले, चहा पिऊन गेले. भिंतीजवळची, खांबाला लागून असलेली तिची जागा रिकामी राहायची आणि गीताच्या वेळी तिचा तो जाडाभरडा, अर्धा सूर वर असलेला आवाज नसायचा. गीत म्हणताना माझ्या डोक्यात तिडीक जायची. लोक मला म्हणत, क्षमा करा. मी म्हणे, आधी उट्टं काढते, मग बघू.

ब्रदरकडे जाऊन मी ते चित्र काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, आता ते तिकडं छापून लागलंय. आणि देवाच्या कामासाठीच वापरलंय की. तुम्ही एवढं मनाला का लावून घेताय?" त्याच्या पाठीमागे कपाटाच्या काचेला तेच चित्र चिकटवलेलं होतं. मी ते तिथल्या तिथे ओरबाडून काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने नवीन लावलं.

तेव्हा मी ठरवलं की यांची जिरवायची. अशी जिरवायची की चिखलाचे पाय घेऊन देवळाच्या दारात उभं राहणं म्हणजे काय ते त्यांच्या हाडांत शिरलं पाहिजे.

दोन पावसाळे मी थांबले. या काळात मी स्वागत समितीत शिरले. इंग्रजी बोलणारी बाई समितीला हवीच होती. गोड वागले, चहाचे कप उचलले, ब्रदरला साहेब म्हणाले. मग तोच पुढारी पुन्हा येणार आणि यंदा जथा इतर गावं करून शेवटचे दोनच दिवस आमच्याकडे असणार, असं समजलं, तेव्हा मी समितीपुढे म्हणाले, यंदा आपल्या जुन्या पद्धतीने स्वागत करू. पाहुण्यांनी रस्त्यापासून देवळापर्यंत शेतातून अनवाणी चालत यायचं आणि दारात बायकांनी त्यांचे पाय धुवायचे, अशी आपली पूर्वापार रीत आहे. असली कुठलीही रीत आमच्या सात पिढ्यांत नव्हती. पण समितीतली निम्मी माणसं बेळगावला स्थायिक झालेली, त्यांना काय माहीत! ब्रदर तर खूश झाला. म्हणाला, "आक्का, हे झकास आहे. फोटो तर काय येतील!"

येणारच होते. फोटो मीच काढणार होते. माझा बेत असा, की चिखलात घसरणाऱ्या, पडणाऱ्या, कपडे बरबटलेल्या त्या लोकांचा एक मोठा फोटो छापून घ्यायचा आणि आमच्या देवळाच्या दारावर कायमचा लावायचा. खाली लिहायचं की या गरीब लोकांच्या देशात चप्पल मिळत नाही.

देवळामागचं शेत एका जैन शेतकऱ्याचं. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. पाऊस चांगला झाला होता, तरी मी त्यांना आदल्या दिवशी वरच्या बांधाचं पाणी सोडायला सांगितलं. आमची काळी माती ओली झाली की पाय घोट्यापर्यंत गिळते आणि सोडताना चप्पल असेल तर ती ठेवून घेते. सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर रस्त्याला थांबली, पाहुण्यांनी बूट-मोजे काढले, तेव्हा आण्णा बांधावर उभे होते.

"काय चाललंय गं?" त्यांनी विचारलं.

"पाहुण्यांना शेत दाखवतोय, आण्णा."

"पायातलं काढून? रुतत्यात की त्ये."

"रुतू देत."

आण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. आईची हकीकत त्यांनाही ठाऊक होती. ते बांधावरून बाजूला झाले.

मी देवळाच्या पायरीवर मोबाइल धरून उभी राहिले. एकेक जण शेतात उतरला. पहिल्याच पावलाला पुढारी गुडघ्यापर्यंत गेला. एक तरुण मुलगी सरळ बसली. आता रडेल, आता चिडेल, म्हणून मी तिच्यावर कॅमेरा धरला. ती खिदळायला लागली. तिला उठवायला गेलेला पोरगा पडला, तोही खिदळायला लागला. मग त्यांनी एकमेकांना माती फासली. पुढाऱ्याने मधोमध गुडघे टेकले, दोन्ही हात आभाळाकडे केले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. बाकीचे त्याच्याभोवती चिखलात बसले. ती मुलगी आनंदाने हमसून हमसून रडत होती.

मला त्या क्षणी त्यांच्या अंगावर परात फेकून मारावीशी वाटली.

दारात भगिनी मंडळाच्या बायका बादल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकेकाचे पाय धुतले, पुसले. पुढारी मला म्हणाला की इतकं नम्र करणारा अनुभव त्याला कधी आला नव्हता, आणि तुम्ही काढलेले फोटो कृपा करून आम्हाला पाठवा. संध्याकाळच्या सभेत सगळ्यांनी उभं राहून त्या शेतातला अनुभवच साक्ष म्हणून सांगितला. दरवर्षी म्हणतात तेच पुन्हा म्हणाले, आम्ही तुम्हाला द्यायला आलो होतो, पण तुमच्याकडून घेऊनच जास्त चाललो. हे मात्र अक्षरशः खरं होतं. माझा सूडसुद्धा ते घेऊन चालले होते.

ज्याला आठवड्याने घरी जायचं असतं त्याला लाज वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. लाज जिथे रोज राहायचं तिथे वाटते. आईला त्याच सतरंजीवर दर रविवारी बसायचं होतं. त्यांना चिखल म्हणजे सहल होती.

त्या रात्री मी गावातच, आईकडे राहिले. भाकरी खाताना मी तिला सगळं सांगितलं. पुढारी गुडघ्यापर्यंत रुतला हे ऐकून आई हसायला लागली. "चिखलात घातलंस व्हय गं त्यास्नी?" म्हणत ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दोन वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदा हसत होती. मला वाटलं, चला, काहीतरी पदरात पडलं.

मग ती पाणी प्यायली आणि तिने विचारलं, "आणि धुतलं कुणी?"

"मंडळातल्या बायकांनी."

आईचं हसू गेलं. "म्हंजे वाकल्या त्या आपल्याच बायका," ती म्हणाली. "त्येंनी काय क्येलं मग?"

तिने ताट उचललं, हात धुतला आणि आत जाऊन ट्रंक उघडली. इस्त्रीची साडी काढून खुंटीवर टाकली. मी विचारलं, "कुठं चाललीस?" ती म्हणाली, "उद्या रविवार हाय न्हवं?"

रविवारी पाहुण्यांचा शेवटचा दिवस होता, म्हणजे त्यांचा पाय धुवायचा कार्यक्रम. आई माझ्याबरोबर देवळात आली. माणसं वळून वळून बघत होती. खुर्च्या मांडलेल्या, परात भरलेली. ब्रदरने बायकांची नावं आधीच ठरवली होती, त्यांत अर्थातच आई नव्हती. नावं पुकारायच्या आतच ती उठली आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली. साडी किंचित वर घेऊन तिने दोन्ही पाय पुढे ठेवले. स्वच्छ, टाचा घासलेले, तेलाने चकाकणारे.

पुढारी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा, तेव्हा तिचा चेहरा कुणी बघितला होता! यंदाचा कॅमेरावाला दुसरा होता, पण ब्रदर तोच. तो वाकून म्हणाला, "मावशी, तेवढं बाहेरनं एक चक्कर..."

"न्हाय." आईचा आवाज पेटीच्या वर जाणारा, सगळ्या देवळाने ऐकला. "घरातनं धुऊन आलोय मी. गेल्या खेपंलाबी धुऊनच आलतो. तू मला चिखलात धाडलंस. माझी चप्पल तवाबी दारात व्हती, आताबी दारात हाय. सांग ह्यास्नी."

पुढाऱ्याने ब्रदरकडे बघून विचारलं, काय म्हणताहेत त्या? ब्रदरने ओठ पुसले आणि इंग्रजीत सांगितलं की मावशी तुम्हाला आशीर्वाद देताहेत.

मी उठले. बायकांच्या रांगेतून वाट काढत पुढे गेले आणि आई जे बोलली ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. वर माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, की तुमच्या भिंतीवर जे पाय आहेत ते हेच. खात्री करायची असेल तर डावी करंगळी बघा.

त्याने बघितली. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी डोळे भरून बघून घेतलं, त्यासाठी दोन वर्षं थांबले होते. त्याने ब्रदरकडे पाहिलं, ब्रदर छताकडे बघत होता. पुढाऱ्याला चिखलाचं काही ठाऊक नव्हतं, असं नंतर पुष्कळ जण मला सांगायला आले. नसेल. पण विचारलं असतं तर कळलं असतं, आणि पाय धुताना विचारायला वेळ भरपूर असतो.

तो काहीतरी पुटपुटला, मला क्षमा करा असंच असावं, आणि ओंजळीत परातीतलं पाणी घेऊन आईच्या पायाकडे नेलं. आईने पाय मागे घेतले. साडी खाली सोडली.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली.

मग ती उठली, सतरंजीवरून चालत गेली आणि खांबाजवळच्या आपल्या जागी जाऊन बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "साहेब, गीत घ्या की."

पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला. पेटी सुरू झाली. पहिल्याच ओळीला आईचा आवाज अर्ध्या सुराने वर गेला आणि दोन पावसाळ्यांनंतर मंडळातल्या बायकांनी तिच्याकडे बघून हसू दाबलं. पुढारी अजून रिकाम्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर होता. दोन्ही हातांच्या ओंजळीतलं पाणी गळून चाललं होतं, आणि उठायचं की बसायचं हे मी सांगेन म्हणून तो माझ्याकडे बघत होता. सांगणारी मी एकटीच होते. मी आईशेजारी जाऊन बसले आणि गीत म्हणायला लागले.